कंडेन्सर सोडा, थ्री फेज मागा: घरच्या शेडात लेथ चालवणाऱ्या कारागिरांना खुलं पत्र

बंधूंनो आणि भगिनींनो, सप्रेम नमस्कार.

अनगोळ, मच्छे, येळ्ळूर, कंग्राळी, काकती, उचगाव, तिकडं खानापूर-नंदगड, वर संकेश्वर-निपाणी, जिथं कुठं तुम्ही घराच्या पडवीत, परसातल्या पत्र्याच्या शेडात किंवा रिकाम्या झालेल्या गोठ्यात लेथ (लोखंडाचा तुकडा फिरवत ठेवून कापायचं मशीन) बसवून जॉब वर्क करता, त्या सगळ्यांना हे पत्र आहे. मी मोटारी भरतो, म्हणजे जळालेल्या कॉइल काढून नव्या तांब्याच्या तारेच्या बसवतो. तुमच्या जळालेल्या मोटारी माझ्या टेबलावर येतात, मी त्या भरून देतो, मजुरी घेतो. पण तीच मोटार तशीच जळून पुन्हा येते आणि आणणाऱ्याच्या चेहऱ्यावर हप्ता कसा भरायचा ही काळजी दिसते, तेव्हा ती मजुरी घेताना हात आखडतो. म्हणून हे लिहितोय.

मोटार उघडली की ती कशानं गेली हे कॉइलच सांगते. ओव्हरलोडनं जळालेल्या मोटारीत तिन्ही फेजच्या कॉइल सारख्याच करपलेल्या असतात, वॉर्निश सगळीकडून एकसारखं काळं. एक फेज गेलेला असताना फिरत राहिलेल्या मोटारीचं तसं नसतं. ती स्टार जोडणीची (तिन्ही वायंडिंगचं एकेक टोक एकत्र बांधलेली) असेल तर दोन फेजच्या कॉइल कोळसा झालेल्या आणि तिसऱ्या फेजच्या अगदी नव्यासारख्या, तांब्याचा रंगही बदललेला नसतो. डेल्टा (तिन्ही वायंडिंग त्रिकोणात जोडलेल्या) असेल तर उलट, एकाच फेजची वायंडिंग जळालेली आणि दोन शाबूत. स्टेटरमध्ये, म्हणजे मोटारीच्या न फिरणाऱ्या भागात, टॉर्च धरून बघितलं की काळे आणि लाल पट्टे ठरावीक अंतरानं दिसतात. घरच्या शेडांतून माझ्याकडं ज्या मोटारी येतात, त्यांत हे पट्टेवाल्याच जास्त. म्हणजे तुम्ही मशीनवर जास्त माल ओढला म्हणून त्या जळालेल्या नाहीत. त्यांना तिन्ही फेज धड मिळाले नाहीत म्हणून जळाल्या.

सांगायचं आहे ते एवढंच: सिंगल फेजवर कंडेन्सर लावून लेथची मोटार ओढायचं थांबवा. रीतसर थ्री फेज मीटर घ्या. तो मिळेपर्यंत नीट जोडलेला व्हीएफडी, म्हणजे सिंगल फेजमधून थ्री फेज तयार करणारा ड्राइव्ह, वापरा. बाकीचं सगळं याच्याच खुलाशासाठी.

आपल्या गावाला हा धंदा नवा नाही. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १८८८ मध्ये बेळगावातच सायकलचं दुकान काढलं, इथंच चारा कापायची यंत्रं आणि लोखंडी नांगर बनवले. १९१० मध्ये त्यांना औंध संस्थानात जागा मिळाली आणि किर्लोस्करवाडी तिकडं उभी राहिली. पण हात काळे करून लोखंड कापायची विद्या इथं राहिली. उद्यमबागेतल्या फाउंड्र्या, मच्छेचे कारखाने, हत्तरगीला तयार होणारे विमानाचे भाग, या सगळ्यांच्या मागं छोट्या शेडांची रांग आहे. मोठ्या कारखान्यात ज्या कामाला मशीन अडकवून ठेवणं परवडत नाही, ते बुशिंग, पिन, फ्लँज, भोकं पाडायचं आणि बर (कापल्यावर राहिलेली धारदार कड) काढायचं काम तुमच्याकडं येतं. कारखाना बंद पडलेला टर्नर पीएफच्या पैशातून जुना लेथ घेतो, घरातली बाई ड्रिलिंगवर बसते, पोरगा आयटीआय करून आला की मिलिंग घ्यायचं ठरतं. या घरांना तीन तारा धड मिळाव्यात, ही मोठी मागणी नाही.

लेथला थ्री फेजच का, हे तुमच्यातले बरेच जण जाणतात, पण घरातल्यांना समजावून सांगावं लागतं म्हणून थोडक्यात लिहितो. तीन फेज एकामागून एक येतात, त्यामुळं मोटारीच्या आतलं चुंबकीय क्षेत्र आपोआप गोल फिरतं. मोटार स्वतःच सुरू होते आणि तिचा जोर सलग राहतो. सिंगल फेजला असं फिरणारं क्षेत्र नसतं. म्हणून त्या मोटारीला सुरू व्हायला वेगळी वायंडिंग आणि कंडेन्सर लागतो, आणि चालू झाल्यावरही तिचा जोर सेकंदाला १०० वेळा कमी-जास्त होतो. घरच्या पाण्याच्या पंपाला त्याचं काही वाटत नाही. पण शाफ्टवर शेवटचा फिनिशिंग कट घेताना ती थरथर कधी कधी जॉबवर उमटते. शिवाय रफ कास्टिंगचा तुटक कट घेताना मोटारीला दर फेऱ्याला धक्के बसतात. तिथं सलग जोर हवा.

आता कंडेन्सरचं. ही युक्ती आपल्याकडं शेतातून आली. शेताच्या लाईनवर रात्री तिसरा फेज नसतो, तेव्हा शेतकरी कंडेन्सर लावून टू फेजवर पंप चालवतात. पंपावर कंडेन्सर कसाबसा निभावतो, कारण पंपाचा लोड बदलत नाही. एकदा पाणी चढलं की तासन् तास तेवढाच करंट. कंडेन्सर हा एकाच लोडला जुळवता येतो, आणि लेथचा लोड तर दर मिनिटाला बदलतो. चक (जॉब पकडून फिरणारा भाग) रिकामा फिरतोय, मग कट लागला, मग थांबवला, मग उलटा फिरवला. भरल्या लोडला जुळवलेला कंडेन्सर रिकाम्या मोटारीत एका वायंडिंगला नको एवढा करंट देतो. मशीनवर काही काम नसताना मोटारीला हात लावून बघा, का तापते ते कळेल. वर मोटारीची ताकद निम्म्या-पाऊण पटीवर येते आणि सुरू व्हायचा जोर तर फारच कमी. मग माणूस बेल्ट हातानं ओढून मोटारीला फिरवून देतो. मी हे एका शेडात डोळ्यांनी बघितलं आहे. त्या माणसाच्या शर्टाच्या बाह्या लांब होत्या. मी त्याला तिथंच थांबवलं.

तर पहिलं काम मीटरचं. घरगुती मीटरवर धंद्याचं मशीन चालवणं हे विद्युत कायदा २००३ च्या कलम १२६ खाली अनधिकृत वापरात बसतं. तपासणीत सापडलं तर त्या वापराला जो दर लागू होतो, त्याच्या दुप्पट आकारणी होते, आणि कधीपासून चालू आहे हे ठरवता आलं नाही तर मागच्या १२ महिन्यांची. ही रक्कम छोट्या शेडाला बसवून टाकते. म्हणून भीतीपोटी लपवून चालवण्यापेक्षा शेडाची वायरिंग वेगळी करून औद्योगिक दराचा वेगळा मीटर घ्या.

बऱ्याच जणांचा पाय इथं अडतो तो कर्नाटक सरकारच्या गृहज्योती योजनेमुळं. २०२३ पासून घरगुती वापराला महिन्याला २०० युनिटपर्यंतची वीज मोफत आहे, आणि वेगळा मीटर मागितला तर घराची सवलतही जाईल असं वाटतं. मी म्हणतो, उलट विचार करा. सवलत घरगुती वापराला आहे. लेथ त्याच मीटरवर चालला तर धोका त्या सवलतीलाच आहे. शेड वेगळ्या मीटरवर गेलं की घराचा मीटर घराचाच राहतो. आणि घरात धंद्याची वीज असणं ही आपल्याकडं अपूर्वाईची गोष्ट नाही. शहापूर, वडगाव, खासबागेतल्या विणकरांच्या घरात वर्षानुवर्षं माग विजेवर चालत आलेत.

अर्ज हेस्कॉमच्या (आपल्या वीज कंपनीच्या) तुमच्या भागातल्या सेक्शन ऑफिसात किंवा ऑनलाइन करायचा. हुक्केरी तालुक्यातल्या मंडळींची वीज त्यांच्या ग्रामीण विद्युत सहकारी संघाकडून येते, त्यांनी तिकडं. हद्दीपलीकडच्या चंदगड-गडहिंग्लजच्या भावांनी महावितरणकडं. जागेचा पुरावा, ओळखपत्र आणि लायसन्सवाल्या इलेक्ट्रिकल कॉन्ट्रॅक्टरचा टेस्ट रिपोर्ट लागतो. उद्यम नोंदणी आधारवर ऑनलाइन फुकट होते, ती करून ठेवा, बँकेतही उपयोगी पडते. फॉर्म कन्नडमध्ये आहे म्हणून जुने टर्नर अर्जच करत नाहीत, हे मला पटत नाही. शाळेत जाणाऱ्या नातवाला कन्नड येतं, शेजाऱ्याला येतं. त्यांना बसवून भरून घ्या.

लोड लिहिताना मशीनच्या पाट्या वाचून बेरीज करा. ३ एचपीचा लेथ, १ एचपीचं ड्रिलिंग, अर्ध्या एचपीचा बेंच ग्राइंडर, म्हणजे साडेचार. पुढच्या वर्षी मिलिंग यायचं असेल तर तेही आत्ताच धरा. पण उगाच १५ एचपी लिहू नका. स्थिर आकार मंजूर लोडवर लागतो, काम असो वा नसो तो दर महिन्याला भरायचा असतो. कमी लिहून जास्त ओढलं तर दंड, हे सांगायला नको.

अर्ज दिल्यावर पोच घ्या. तारखेचा शिक्का असलेली पोच. ग्राहकांच्या हक्कांचे केंद्राचे नियम २०२० चे आहेत आणि २०२४ मध्ये ते सुधारले. लाईन वाढवायची किंवा नवा टीसी (ट्रान्सफॉर्मर) बसवायची गरज नसेल तर पूर्ण अर्ज मिळाल्यापासून नगरपालिका हद्दीत ७ दिवसांत आणि ग्रामीण भागात १५ दिवसांत जोडणी द्यायची आहे. डोंगराळ ग्रामीण भागाला ३० दिवस. काम अडलं तर तक्रार निवारण मंच आहे, त्यावर लोकपाल आहे. पण पोच नसेल तर दिवस कधीपासून मोजायचे?

एक खास गोष्ट मळ्यात राहणाऱ्यांसाठी. निरंतर ज्योती योजनेत कर्नाटकात गावाची लाईन आणि शेतीपंपांची लाईन वेगळी केली. गावच्या लाईनला दिवसभर वीज, शेतीच्या लाईनला थ्री फेज रोज ठरावीक तासच, सरकारी घोषणा ७ तासांची. तुमचं शेड मळ्यातल्या घराला लागून असेल आणि तार शेतीच्या लाईनवरून आली असेल तर थ्री फेज मीटर घेऊनही बाकीच्या वेळी काम होणार नाही. अर्ज करण्याआधी लाईनमनला विचारा, ही तार कुठल्या फीडरची. आणि १० एचपीपर्यंतच्या शेतीपंपाला वीज मोफत आहे म्हणून त्या जोडणीवर लेथ लावायचा मोह तर मुळीच नको. ती वीज पाण्यासाठी दिलेली आहे. तिथं मशीन सापडलं तर शेतकरी भावाची जोडणीही अडचणीत येते.

आता ज्यांचा अर्ज अडकलाय, ज्यांच्या गल्लीत थ्री फेज तारच आलेली नाही, त्यांच्यासाठी व्हीएफडी. याला ड्राइव्हही म्हणतात. आत २३० व्होल्ट सिंगल फेज जातो. ड्राइव्ह त्याचा डीसी करतो, साधारण ३२५ व्होल्टचा, आणि त्यातून पुन्हा तीन फेज तयार करतो. बाहेर येतात तेही २३० व्होल्टचेच तीन फेज. सगळी गफलत इथंच होते. आपल्याकडची लेथची मोटार ४१५ व्होल्टची. तिला २३० दिले की ती रडत फिरते, कट लागला की बसते, आणि लोक म्हणतात ड्राइव्ह बेकार आहे.

मोटारीची पाटी घासून स्वच्छ करा आणि वाचा. आपल्या देशातल्या ३ एचपीपर्यंतच्या मोटारी बहुधा ४१५ व्होल्टला स्टार जोडलेल्या असतात. स्टारमध्ये एका वायंडिंगला मिळतात ४१५ भागिले १.७३, म्हणजे २४०. तीच मोटार डेल्टात जोडली की तिच्या प्रत्येक वायंडिंगला ड्राइव्हचे २३० थेट मिळतात आणि मोटार पुऱ्या ताकदीनं चालते. टर्मिनल बॉक्स उघडा. सहा बोल्ट दिसतील. एका ओळीत यू-१, व्ही-१, डब्ल्यू-१, दुसऱ्या ओळीत डब्ल्यू-२, यू-२, व्ही-२. स्टारमध्ये दुसऱ्या ओळीचे तिन्ही बोल्ट पितळी पट्ट्यांनी एकमेकांना आडवे जोडलेले असतात. त्या पट्ट्या काढून तीन उभ्या लावल्या, वरचा बोल्ट खालच्याला, की डेल्टा झाला. पट्ट्यांखालचे वॉशर हरवू नका आणि नट कसून आवळा. ढिला बोल्ट तापतो आणि बॉक्ससकट जळतो.

बॉक्समधून तीनच तारा बाहेर आल्या असतील तर स्टार पॉइंट आत वायंडिंगच्या दोऱ्याखाली बांधलेला आहे. मोटार जळालेली नसताना आणलीत तर दोरा सोडून, जोड उघडून सहा तारा बाहेर काढून देता येतात. पूर्ण भरायची गरज नसते. जुन्या मोटारीत वॉर्निश कडक झालेलं असतं, तारा तुटायची भीती असते, म्हणून हे काम घाईनं मागू नका. माझ्याकडंच आणा असं माझं म्हणणं नाही. तुमच्या जवळच्या कुठल्याही चांगल्या वायंडरला ते येतं.

५ एचपी आणि पुढच्या मोटारी बहुधा ४१५ ला आधीच डेल्टा असतात. त्यांना २३० चा ड्राइव्ह उपयोगाचा नाही. आत २३० आणि बाहेर ४१५ देणारे ड्राइव्ह मिळतात, स्टेप-अप ट्रान्सफॉर्मरही बसवता येतो. पण एवढी मोठी मोटार घरच्या सिंगल फेजवर ओढणं मला पसंत नाही. करंटचा हिशोबच बघा. २ एचपीची मोटार ४१५ वर साधारण साडेतीन अँपिअर घेते. डेल्टात २३० वर तीच सहा. आणि ड्राइव्ह सिंगल फेजमधून आत ओढतो ते त्याच्याही दुप्पट-अडीचपट, चौदाएक अँपिअर. घरच्या जुन्या अडीच स्क्वेअर मिमीच्या वायरला, जिच्यावर मिक्सर आणि गिझरही आहे, हे झेपत नाही. ड्राइव्हला मीटरपासून वेगळी जाड वायर आणि वेगळा एमसीबी हवा.

ड्राइव्ह बसवताना आणखी काही गोष्टी, ज्या मॅन्युअलमध्ये असतात पण कुणी वाचत नाही. ड्राइव्ह आणि मोटार यांच्या मध्ये जुना स्टार्टर किंवा ड्रम स्विच ठेवू नका. चालू मोटार मधूनच तोडली तर ड्राइव्हचे ट्रान्झिस्टर फुटतात. लेथच्या लिव्हरचा स्विच ड्राइव्हच्या कंट्रोल टर्मिनलला जोडा, मोटारीची तार सरळ ड्राइव्हला. कुलंट पंप आणि मशीनचा दिवा ड्राइव्हच्या मागून घेऊ नका, त्यांना आधीच्या बाजूनं वेगळी वीज द्या. ड्राइव्हमध्ये मोटारीचा करंट भरताना डेल्टाचा भरा, पाटीवरचा स्टारचा नको. वेग कमी करायचा मोह होतो, पण २० हर्ट्झच्या खाली मोटारीचा पंखाच हवा देत नाही आणि ती आतून तापते. गिअर आणि बेल्ट त्यासाठीच आहेत, ते बदला. वरच्या बाजूला ५० च्या पुढं फार जाऊ नका. बिडाच्या चकवर त्याचा कमाल वेग लिहिलेला असतो, तो पाळा.

आणि चकचं एक. राजकोट-बटाल्याचे जुने लेथ आपल्याकडं भरपूर आहेत, त्यांतल्या पुष्कळांचा चक स्पिंडलच्या आट्यांवर फिरवून बसवलेला असतो. स्टार्टरवर मोटार बंद केली की ती सावकाश थांबते. ड्राइव्हवर थांबायची वेळ अर्धा सेकंद ठेवली, किंवा चालू असतानाच उलटा बटण दाबला, तर स्पिंडल थांबतो आणि चक आपल्या वजनाच्या जोरावर फिरत राहून सुटतो. वीस-पंचवीस किलोचं बीड बेडवरून उडून येतं. थांबायची वेळ चार-पाच सेकंद ठेवा, आणि आट्यांचा चक असेल तर उलटं फिरणं ड्राइव्हमध्येच बंद करून टाका.

आपल्या भागात बीड घासलं जातं, त्याची काळी भुकटी हवेत असते आणि ती वीज वाहते. ड्राइव्हचा पंखा ती आत ओढून सर्किटवर बसवतो. ग्राइंडरच्या शेजारी उघडा ड्राइव्ह टांगू नका. लांबच्या भिंतीवर, फिल्टर असलेल्या पेटीत ठेवा. साफ करायला उघडायचा असेल तर मेन बंद केल्यावर दहा मिनिटं थांबा, आतल्या कंडेन्सरमध्ये ते ३२५ व्होल्ट तेवढा वेळ राहतात. ड्राइव्हमुळं आरसीसीबी (करंट गळला की वीज तोडणारा स्विच) उगाच पडते म्हणून ती काढून टाकतात. काढू नका. ड्राइव्हसोबत चालणारी आरसीसीबी मिळते, ती बसवा.

ज्यांच्याकडं चार-पाच मशीन आहेत आणि एकेका मशीनवर दोन-तीन मोटारी, त्यांना रोटरी कन्व्हर्टर बरा पडतो. एक मोठी मोटार रिकामी फिरत ठेवायची आणि तिच्यातून तिसरा फेज घ्यायचा. ती सगळ्यात मोठ्या मशीनच्या दीडपट-दुप्पट एचपीची हवी. आवाज करते, रिकामी फिरतानाही वीज खाते, आणि व्होल्टेजचा प्रश्न इथंही तोच. मी फारसा कुणाला सुचवत नाही.

थ्री फेज मीटर आला म्हणजे सगळं झालं असंही नाही. खानापूरच्या पट्ट्यात पावसाळ्यात झाडाची फांदी लाईनवर पडते, टीसीवरचा एक फ्यूज उडतो, आणि गावाला वाटतं आपली लाईट आहे. तुमच्या मोटारीला मात्र दोनच फेज. फिरत असलेली मोटार थांबत नाही, कुरकुरत फिरत राहते, आणि उरलेल्या दोन तारांत करंट पावणेदोन पट होतो. पट्टेवाल्या मोटारी अशाही तयार होतात. थोडे पैसे वाचवायला सिंगल फेज प्रिव्हेंटर (एक फेज गेला की मोटार बंद करणारं उपकरण) टाळू नका. ओव्हरलोड रिले (करंट जास्त झाला की मोटार बंद करणारा) मोटारीच्या करंटला लावा, वारंवार पडतो म्हणून शेवटच्या आकड्यावर फिरवून ठेवू नका. टीसी बदलला किंवा तार जोडली की फेजचा क्रम उलटा होऊ शकतो. अशा दिवशी आधी ड्रिलिंग मशीन चालू करून दिशा बघा, मग लेथ.

वीज गेल्यावर मशीन बंद राहिलंच पाहिजे, आल्यावर आपोआप सुरू होता कामा नये. स्टार्टरमधली कॉइल त्यासाठीच आहे. शेतात पंपाला ऑटो स्टार्टर लावतात, वीज आली की पंप आपण चालू. तो लेथला लावलेला मी पाहिला आहे. चकची चावी चकमध्ये अडकलेली आणि लाईट गेलेली, एवढंच डोळ्यांपुढं आणा. ड्राइव्हमध्येही आपोआप सुरू होण्याची सेटिंग असते, ती बंद करा.

अर्थिंग. २५० व्होल्टच्या वरच्या मोटारीच्या बॉडीला दोन वेगवेगळ्या अर्थिंगच्या तारा लागतात, नियमच आहे. आपल्या पश्चिमेकडची जमीन जांभ्याची आणि मुरमाची. अथणी-गोकाकच्या काळ्या रानात जो पाइप पुरून काम होतं, तो इथं मार्च-एप्रिलमध्ये कोरडा पडतो आणि अर्थिंग नावाला राहतं. खड्डा खोल घ्या, उन्हाळ्यात पाणी घाला, आणि वर्षातून एकदा तरी मीटर लावून मोजून घ्या. नळाच्या पाइपला तार गुंडाळणं हे अर्थिंग नाही. आता नळ प्लास्टिकचे आहेत.

शेवटचं काम एकट्याचं नाही. गल्लीतल्या टीसीवर जागा नाही हे उत्तर एकट्या अर्जाला सहज मिळतं. टीसीच्या अंगावर त्याचा केव्हीए, म्हणजे त्याची क्षमता, लिहिलेला असतो, २५, ६३ किंवा १००. सहा शेडांचे साडेचार-पाच एचपी धरले तर पंचवीस-तीस केव्हीए होतात. २५ चा टीसी याला अपुरा आहे हे कागदावर दिसलं की मागणी मोठ्या टीसीची होते आणि ती टाळता येत नाही. म्हणून एका गल्लीतल्या, एका वाडीतल्या शेडांनी आपापले अर्ज एकाच दिवशी द्या. सोबत एक पत्र जोडा, त्यात प्रत्येकाचं मशीन, एचपी आणि जवळच्या खांबाचा नंबर. ग्रामपंचायत सदस्याची किंवा नगरसेवकाची सही मिळाली तर घ्या. पावसाळा लागला की लाईनमन फांद्या आणि तुटलेल्या तारांतच गुंततात, त्यामुळं अर्ज मेच्या आत जाऊ द्या. पोचची झेरॉक्स प्रत्येकाच्या शेडात राहू द्या.

आपला,
एक मोटार वायंडिंगवाला
अनगोळ, बेळगाव